वाचून दाखवलेला शेवट

"आज्जी, हे काम आपण नको घेऊया."

केतकी दारात उभी राहून बोलली. टेंपोतून कागदाचे गठ्ठे उतरत होते आणि मी पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होते. माझी नात आजवर कधी कामाला नको म्हणाली नव्हती, म्हणून मी मान वर करून बघितलं. तोंड पांढरं पडलेलं.

"का गं? कागद चावतो काय?"

"तसं नाही. रविवारी पाहुणे यायचेत. त्यात हे अकराशे पुस्तकांचं..."

"पाहुणे तुला बघायला यायचेत, मला नव्हे. मी माझं काम करते, तू तुझं पोह्याचं बघ."

बारा वर्षं झाली ह्याला. बुधवार होता. मिरजेत माझा बायंडिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं म्हणून. पत्र्याची एक लांब खोली, हाताचं कटिंग मशीन, खळीचे दोन डबे आणि पाच बायका. आमचे मालक, म्हणजे केतकीचे आजोबा, गेले तेव्हा मशीनचं चाक फिरवायला गडी मिळेना, तर मी फिरवलं. तेव्हापासून मीच फिरवत होते. अडुसष्ट वय झालं होतं. सकाळी उठल्यावर उजवा हात खांद्यापासून जागा व्हायला अर्धा तास घ्यायचा. शाळा माझी तिसरीपर्यंत, त्यातली एक इयत्ता गोवरात गेली. पण घरात शब्द माझाच चालायचा. मुलगा शिवलिंग बँकेत शिपायाचा क्लार्क झाला, तरी शर्टाचा रंग मला विचारून घ्यायचा.

जतचं स्थळ मीच आणलं होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी द्राक्षाची बाग, आपल्यातलंच घर. केतकीला विचारलं तर म्हणाली, "तू म्हणशील तसं." मला त्या बोलण्याचा अभिमान वाटला होता. रविवारी दहाला मंडळी यायची, आणि पसंती झाली की तिथंच साखरपुडा उरकायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

आमच्यात एक रीत होती. घड्या घालताना बायकांचे हात गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. पाच बायकांची तोंडं मोकळी सोडली तर संध्याकाळपर्यंत गल्लीत एकाचीही अब्रू राहत नाही. म्हणून मीच नियम केला होता, जे काम हातात असेल ते एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. छापखान्यातून कागदाचे मोठे ताव येतात. एका तावावर सोळा पानं उलटीसुलटी छापलेली असतात, त्याला फॉर्म म्हणतात. तीन घड्या घातल्या की पानं ओळीनं येतात. आधी पहिल्या फॉर्मचे अकराशे ताव मोडायचे म्हणजे दुमडायचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. त्यामुळं कुठलंही पुस्तक आम्हाला सोळा सोळा पानांनी कळायचं. बहुतेक वेळा गाईडं असायची, नाहीतर पतसंस्थेचे अहवाल. अहवाल ऐकून ऐकून तानूबाईला अध्यक्षांचं मनोगत पाठ झालं होतं.

वाचायचं काम केतकीचं. कॉलेज सुटलं की दुपारी ती येऊन बसायची. त्या बुधवारी ती फॉर्म हातात घेऊन नुसतीच बसली.

"वाच की," तानूबाई म्हणाली. "नाव काय पुस्तकाचं?"

"लास्ट सीन सव्वासात."

"म्हंजे?"

"मोबाईलवर दिसतं ना मावशी, समोरचं माणूस शेवटचं कधी येऊन गेलं ते. ह्यातला मुलगा सव्वासातला शेवटचा दिसला, त्यानंतर त्यानं फोन उघडलाच नाही. मुलगी रोज बघते."

"रोज फोनात बघत बसते?" मी म्हटलं. "कामंधामं नाहीत तिला?"

"कॉलेजात आहे ती."

"म्हणजे नाहीतच."

मालन खुदकन हसली. पाच जणींत ती लहान, सत्तावीसची, दोन पोरांची आई. "अक्का, असू दे की. परेमाचं दिसतंय. लई दिवसांनी अहवाल सोडून कायतरी आलंय. लिवलंय कुणी, ताई?"

"निहारा म्हणून कुणीतरी. टोपणनाव असेल. पुण्याच्या प्रकाशकानं नव्या मुलामुलींची पुस्तकं काढलीत, त्यातलं आहे."

"टोपणनाव कशाला लागतं?" मी म्हटलं. "चोरी केलीय?"

केतकी ताव सरळ करून वाचायला लागली.

गोष्ट साधी होती. एका गावातली मुलगी, एक मुलगा. बसस्टॉपवर ओळख होते, मग फोनवर लिहिणं, मग एकमेकांना गाणी पाठवणं. माझ्या वेळी असल्या गोष्टीत निदान विहीर तरी असायची. ह्यात माणसं नुसती अंगठ्यानं प्रेम करत होती. पण बायकांचे हात भराभर चालले होते, म्हणून मी गप्प बसले. मालन तर एक घडी झाली की "पुढं?" म्हणायची.

मुलीची आज्जी पण होती त्यात. केतकीनं वाचलं, आज्जी फार मायाळू, नातीच्या केसांना तेल लावते, सोमवारी हात धरून देवळात नेते.

"बघा," तानूबाई म्हणाली. "आज्ज्या अशा असत्यात."

सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या.

"तिला कारखाना चालवायचा नसेल," मी म्हटलं.

हसण्यावारी गेलं खरं. पण मला एक गोष्ट खटकली. मी स्वतः बोट ठेवून वाचणारी बाई. त्यामुळं वाचणाऱ्याची नजर कशी चालते ते मला कळतं. केतकीची नजर पानावर एकाच जागी खिळलेली होती आणि तोंडातून मात्र वाक्यांमागून वाक्यं येत होती.

शुक्रवारी दुपारी बायका जेवायला गेल्या. खळीच्या डब्यावर झाकायला म्हणून मी एक वाया गेलेला ताव घेतला. शाई पसरलेले, कोपरा दुमडलेले ताव आम्ही बाजूला टाकतो. तो चौथ्या फॉर्मचा होता. सहज बोट ठेवलं. एक ओळ लागली, मग दुसरी. पुढचं पान तावावर उलटं होतं, म्हणून ताव फिरवला.

'"तुझी पायरी उंबऱ्याच्या बाहेर," आज्जी म्हणाली. "प्रुफं तिथंच ठेव आणि वाट धर. पंक्चरवाल्याच्या पोरानं माझ्या घरातली चौकट ओलांडायची नाही."'

मी खाली बसले.

ते वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द माझं.

वर्षापूर्वीची गोष्ट. छापखान्यात आदिनाथ मगदूम म्हणून एक मुलगा टायपिंगला होता. वडलांचं स्टेशनरोडला पंक्चरचं दुकान. प्रुफं घेऊन यायचा आणि केतकीशी बोलत उभा राहायचा. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. एके दिवशी संध्याकाळी मी सगळ्या बायकांच्या देखत त्याला ते ऐकवलं. खाली मान घालून गेला. परत कधी आला नाही, पुढं प्रुफं दुसराच माणूस आणायचा. केतकीनं त्या दिवशी जेवताना मीठ मागितलं, एवढंच. मला वाटलं, मिटलं.

म्हणजे हे त्यानं लिहिलं, असं माझ्या मनात आलं. पंक्चरवाल्याच्या पोरानं माझी अब्रू छापली आणि शिवायला माझ्याच दारात पाठवली! अकराशेच्या अकराशे मशीनखाली घालून मधोमध कापून काढावेत असं वाटलं. चाक फिरवायला मला कुणाची परवानगी लागणार होती?

पण राग आला तरी बोट थांबलं नव्हतं. खाली लिहिलं होतं,

'दुपारी सगळे गेले की आज्जी दाराला आतून कडी लावते. ट्रंकेतून माझं पहिलीचं पुस्तक काढते आणि मोठ्यानं वाचते. घरात कुणाला माहीत नाही. मी खिडकीतून बघते आणि सांगत नाही.'

हे आदिनाथला ठाऊक असायचं कारण नव्हतं. शिवलिंगला नव्हतं, सुनेला नव्हतं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि एक वाचता येत नाही, ह्याची मला लाज होती. ती लाज मी कडी लावून घालवत होते. त्या कडीपलीकडं खिडकीशी कोण उभं असायचं, ते आत्ता कळलं.

पुस्तक केतकीचं होतं.

मी ताव घडी करून कमरेला खोचला आणि कुणाला काही बोलले नाही. बायका आल्या, केतकी आली, वाचायला बसली. तिनं वाचलेल्या आज्जीनं नातीला पुरणाचे कडबू करून घातले.

शनिवारी शेवटचा, नववा फॉर्म आला. बाकीचे आठ मोडून ओळीनं रचून ठेवले होते. मालन सकाळपासून विचारत होती, "ताई, मिळत्यात का न्हाई दोघं?"

केतकी फॉर्म घेऊन बसली. त्या दिवशी तिनं फार सुंदर वाचलं. मुलीला बघायला पाहुणे येतात. ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते, सगळ्यांकडं एकदा बघते आणि ट्रे खाली ठेवते. दारात पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगात तिच्या चपला असतात. त्या हुडकून ती पायात घालते आणि निघते. मागून कुणी हाक मारतं, ती थांबत नाही. स्टेशनच्या बाकावर मुलगा बसलेला असतो. फोन उघडून तो म्हणतो, तुझ्या फोनात बघ, आता माझ्या नावाखाली काय दिसतं? आणि तिथं सव्वासात नसतं.

मालननं टाळ्या वाजवल्या. तानूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि वर म्हणाली, "पोह्यांचं काय झालं? वाया गेलं असत्याल."

मी हसले नाही. पाहुणे उद्याच दहाला यायचे होते, आणि पोरीनं मला पाच बायकांच्या देखत सांगून टाकलं होतं की उद्या ती पळणार! उठले, दाराशी काढून ठेवलेल्या तिच्या चपला उचलल्या आणि खळीच्या रिकाम्या डब्यात टाकून वर झाकण दाबलं. अनवाणी कुठं जाते बघू.

चारला बायका गेल्या. केतकी घरात सुनेबरोबर उद्याची तयारी करायला गेली. मी नववा फॉर्म घेऊन मशीनशेजारी बसले. पळून कुठल्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, ते तरी त्यात लिहिलं असेल, असं मला वाटलं. बोट ठेवलं.

पाहुणे आले होते. ट्रे होता. पोहे होते. मुलीनं ट्रे खाली ठेवला नव्हता. एकेका बशीत पोहे देत ती पुढं गेली होती. मी दोनदा वाचलं. चपला कुठंच सापडेनात. स्टेशन नव्हतं, बाक नव्हता. पाहुण्यांतली एक बाई म्हणत होती, मुलगी शांत आहे. आणि मग,

'मी आज्जीच्या हातांकडं बघितलं. खळीनं बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची पानं ओळीनं लावली. आता तिच्या हातात ही एकच घडी उरली होती. ती मोडायला नको वाटलं. मला आज्जीची कीव आली. मी हो म्हणाले. फोनमध्ये शेवटपर्यंत सव्वासातच राहिलं.'

'कीव' ह्या शब्दावर मी किती वेळ होते कुणास ठाऊक. अक्षरं दोनच, पण मला ओलांडता येईनात. खिडकीतून ऊन मशीनच्या चाकावरून खाली उतरलं, तरी मी तिथंच.

केतकी चहा घेऊन आली. माझ्या हातात फॉर्म बघून कप तसाच धरून उभी राहिली.

"दे तो चहा, सांडेल," मी म्हटलं. "आणि बस."

ती बसली.

"मायाळू आज्जी कुठं गेली गं ह्यातली? तेल लावणारी?"

"आज्जी, मी..."

"कडबू पण नाहीत."

"मला माहीत नव्हतं हे आपल्याकडंच बांधायला येईल. प्रकाशकानं छपाई परस्पर मिरजेत दिली." ती फॉर्मकडं बघत म्हणाली, "तुला कळू नये म्हणून मी वाचताना बदलत होते."

"ते कळलं. पायरी बदललीस, कडी बदललीस, ठीक आहे. शेवट का बदललास? शेवटात मला झोंबण्यासारखं काही नव्हतं. मी जिंकलेच की त्यात."

ती मग नखानं फरशी खरवडत म्हणाली, "मालनला दुसरा शेवट सांगवेना. म्हणून तोंडाला येईल ते बोलत गेले."

"तोंडाला ते बरं आलं?"

आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पुण्याला पाठवायच्या आधी हे टाईप कुणी केलं? त्यानंच, आदिनाथनं?"

"हो."

"शेवट पण?"

"हो."

"काही बोलला नाही?"

"एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली म्हणाला."

मी चहा संपवला. फार दमले होते त्या दिवशी. हाताचं दुखणं नव्हतं ते. आयुष्यभर मी म्हणेन ते घरानं केलं आणि मला वाटत आलं, माझा धाक आहे. धाक असता तर चाललं असतं. एकवीस वर्षांची पोर माझ्या भेगा बघून, मला बिचारी समजून, जतच्या घरात जाऊन पडणार होती, आणि वर मी तिच्या सासरी मिरवणार होते की नात माझ्या शब्दाबाहेर नाही.

"केतकी, एक ऐक. माझी कीव करून ह्या घरात कुणी काही करायचं नाही. कीव करायला मी काय देवळाबाहेर बसले नाही."

"आज्जी, तसं नव्हतं मला म्हणायचं..."

"तसंच होतं. छापलंयस तू. अकराशे वेळा."

ती काकुळतीला आली. "आता ते बदलता नाही येणार. सगळे फॉर्म छापून झालेत."

"मग छापलेलं राहू दे तसंच. तू वाचलंस तसं कर."

तिला आधी समजलंच नाही. मी उठले, खळीचा डबा उघडला आणि तिच्या चपला काढून तिच्यासमोर ठेवल्या. डबा रिकामा म्हणायचा, पण तळाला होतीच थोडी. चपलांचे तळवे बरबटलेले.

"ह्या इथं कशा?" ती म्हणाली.

"पळशील म्हणून लपवल्या होत्या. पुस तेवढ्या, नाहीतर रस्त्याला चिकटशील."

मग मी शिवलिंगला हाक मारली आणि जतला फोन लावून उद्या येऊ नका म्हणून सांगायला सांगितलं. तो दारात उभा राहून घाम पुसायला लागला.

"आई, अगं उद्या दहाला यायचेत ते! कारण काय सांगू?"

"सांग, आईचं डोकं फिरलंय. खोटं नाही वाटायचं."

तो फोन घेऊन अंगणात गेला. केतकीनं चपला पुसल्या नाहीत. तशाच पायात घातल्या आणि दारापर्यंत गेली. तिथं थांबली. मला वाटलं, काही बोलेल. मी पटकन फॉर्म मोडायला घेतला, कारण तिनं त्या वेळी माझ्याकडं बघितलेलं मला चाललं नसतं. चपलांचा चिकट आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. कुठं निघालीस म्हणून मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर नोंदणीचं लग्न झालं. शिवलिंग माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मला विचारल्याशिवाय शर्ट घ्यायला लागला, भयाण रंगांचे. जतच्या लोकांनी आमच्या घराबद्दल काय काय उठवलं, ते अजून भावकीत कुणाचं नवं स्थळ निघालं की कानावर येतं. आदिनाथची मी माफी मागितली नाही. पहिल्यांदा जावई म्हणून आला तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबला. मी म्हटलं, "काय, चौकट मोजतोयस काय? ये आत." तेवढंच. दोघं कोल्हापुरात असतात, छपाईच्या डिझाईनचं दुकान आहे. चारचौघांसारखी भांडतात. एकदा तर ती बॅग घेऊन इथं आली होती, चार दिवसांनी तो न्यायला आला. दुसरं पुस्तक तिनं लिहिलं नाही. वेळ नाही म्हणते.

कारखाना मी सहा वर्षांपूर्वी बंद केला. मशीन भंगारात गेलं, चाक तेवढं ठेवून घेतलं.

गेल्या महिन्यात केतकी आली होती. माझी ट्रंक आवरताना पहिलीच्या पुस्तकाखाली तिचं पुस्तक सापडलं. ती खाली बसून चाळायला लागली. मी पलंगावरून बघत होते. शेवटाशी आली आणि थांबली.

"आज्जी, ह्यात नववा फॉर्म नाही."

"नसेल."

"कोरी पानं घातलीत. सोळा."

"चुकून झालं असेल गं. घाईत होते मी त्या वेळी."

चाळीस वर्षांत माझ्या हातून एक फॉर्म इकडचा तिकडं झाला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं त्या कोऱ्या पानांवरून एकदा हात फिरवला. पानं कोरी, तरी ओळीओळीनं मळलेली होती, माझं बोट ठेवून ठेवून.

"चहा टाकते," ती म्हणाली, आणि पुस्तक होतं तिथं परत ठेवलं.